हौसेचा हिशेब

सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत अलीकडे एका नव्या वेडाची चर्चा वरचेवर ऐकूं येते. कोणाचा जांवई, कोणाचा शेजारी, कोणाच्या कचेरींतील वरिष्ठ पहांटे चार वाजतां उठून पोहावयास जातो, रविवारीं शंभर किलोमीटर सायकल चालवून येतो, आणि हें सर्व कशासाठीं असें विचारलें असतां ‘ट्रायथ्लॉन’ एवढा एकच शब्द उच्चारून स्मित करतो. आधीं पोहणें, मग सायकल, मग धांवणें, आणि मधल्या वेळांत कपडे व पादत्राणें बदलतांनाही घड्याळ थांबावयाचें नाहीं, असा हा खेळ आहे. त्याच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकारांत ३.८ किलोमीटर पोहावें लागतें, १८० किलोमीटर सायकल चालवावी लागते, आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरांची सबंध मॅरेथॉन धांवावी लागते. या सर्वांस मुदत सामान्यतः १७ तासांची. आपल्या शेजारीं गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ सालीं प्रथम जी स्पर्धा भरली ती याच्या निम्म्या पल्ल्याची, म्हणजे १.९, ९० व २१.१ किलोमीटरांची असून तिची मुदत साडेआठ तासांची आहे. पल्ला पुरा असो वा निम्मा, त्यांत उतरणारे बहुतेक लोक धंद्यानें खेळाडू नव्हत. ते डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, बँकेंतील अधिकारी, व्यापारी, शिक्षक आहेत. धंदेवाईक नव्हत, म्हणून हौशी.

या हौशी मंडळींविषयीं दिवाणखान्यांतून जो निकाल दिला जातो त्याचीं कलमें तीन आहेत. पहिलें असें कीं, हा उद्योग निरुपयोगी आहे. त्यांतून ना देशसेवा घडते, ना चार पैसे मिळतात, आणि प्रकृतीसाठींच म्हणाल तर रोज अर्धा तास फिरून येणें पुरे आहे. दुसरें असें कीं, हे श्रीमंतांचे चोचले असून त्यांच्या मुळाशीं व्यायामाची आवड नाहीं, बढाईची आवड आहे. तिसरें, आणि सर्वांत तिखट, असें कीं, ज्या अंतरास आजच्या विजेत्यांना आठ तासही पुरे लागत नाहींत त्यास सतरा तास लावणाऱ्यानें आपण ‘स्पर्धेंत भाग घेतला’ असें म्हणणें ही भाषेची विटंबना आहे. ज्याला जिंकण्याची आशा स्वप्नांतही नाहीं तो स्पर्धक कसला?

वादांत उतरणाऱ्यानें आपला हितसंबंध आधींच उघड करावा, हा सभ्यतेचा संकेत आहे. प्रस्तुत लेखक हा स्वतःच या खटल्यांतील एक आरोपी आहे. वयाच्या ४६ व्या वर्षीं त्यानें मिरामारच्या समुद्रांत पाऊल टाकलें, आणि मुदतीस अठरा मिनिटें उरलीं असतां तो धापा टाकीत शेवटच्या कमानीखालून गेला. त्याच्या मागें फारसें कोणी उरलें नव्हतें. तेव्हां पुढील विवेचन हें आरोपीचें निवेदन आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु आरोपीला निर्दोष ठरविण्यासाठीं तें लिहिलेलें नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, आक्षेपकांनीं लावलेलीं तिन्ही कलमें चुकीचीं आहेत. जें कलम लावावयास हवें होतें तें कोणी लावीतच नाहीं. आणि त्या कलमाखालीं मी व माझ्यासारखे पुष्कळ जण खरोखरच दोषी आहेत.

तिसऱ्या कलमापासून आरंभ करूं, कारण तें सर्वांत जोरदार दिसतें आणि इतिहासाच्या पहिल्याच धक्क्यानें कोसळतें. १९७७ सालीं हवाई द्वीपसमूहांतील ओआहू बेटावर एका सांघिक धांवशर्यतीच्या बक्षीससमारंभांत वाद निघाला कीं, अधिक कणखर कोण, पोहणारा कीं धांवणारा? तेथें हजर असलेला जॉन कॉलिन्स हा अमेरिकन नौदलांतील अधिकारी म्हणाला कीं, सायकलवाल्यांना कां वगळतां? बेल्जियमचा सायकलपटु एडी मर्क्स याच्या शरीराची प्राणवायु ग्रहण करण्याची शक्ति सर्वांत अधिक आढळल्याचें त्याच्या वाचनांत आलें होतें. वाद शब्दांनीं मिटण्यासारखा नव्हता. तेव्हां वाइकीकीच्या समुद्रांतील पोहणें, बेटाभोंवतींची सायकलफेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन, या तेथें आधींपासून चालत असलेल्या तीन शर्यती एकापुढें एक जोडून एकाच दिवशीं करावयाच्या, असा घाट कॉलिन्स व त्याची पत्नी ज्युडी यांनीं घातला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा जण निघाले आणि बारा पोहोंचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर यास ११ तास ४६ मिनिटें लागलीं. दुसरा जॉन डनबार याच्या मदतनिसांजवळचें पाणी संपलें, तेव्हां त्यांनीं त्याला बियर पाजली, व तशा स्थितींतही त्यानें शेवट गांठला. खुद्द कॉलिन्सला सुमारें सतरा तास लागले.

या पंधरा जणांत धंदेवाईक एकही नव्हता, कारण तो धंदाच अस्तित्वांत नव्हता. या शर्यतींत रोख बक्षिसें ठेवण्यास १९८६ सालीं आरंभ झाला. म्हणजे पहिलीं आठ वर्षें या शर्यतींत रोख बक्षीस मुळीं नव्हतेंच. धंदेवाईक नंतर येऊन त्यांच्या पंक्तीला बसला. तेव्हां हौशी हा येथें धंदेवाईकाची फिकी नक्कल नव्हे. घर त्याचें आहे, पाहुणा दुसराच आहे. आणि घरमालकालाच ‘तूं येथें कसा?’ असें विचारणें हें औद्धत्य आहे.

शिवाय स्पर्धा म्हणजे पहिला येणें एवढाच अर्थ घेतला, तर शालान्त परीक्षेला बसलेल्या लाखों मुलांपैकीं एकालाच परीक्षार्थी म्हणावें लागेल, आणि बाकीच्यांच्या आईबापांनीं पेढे वांटले ते परत घ्यावे लागतील. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत प्रत्येकाची झुंज मुदतीशीं असते. सामान्यतः पोहणें २ तास २० मिनिटांत संपलें नाहीं तर तुम्हांला तेथेंच थांबवितात. सायकल आरंभापासून साडेदहा तासांत संपली नाहीं तर पुढें धांवूं देत नाहींत. आणि सतरावा तास भरला कीं घड्याळ बंद होतें. मागें राहणाऱ्याला समुद्र आपली रुंदी कमी करून देत नाहीं. उलट ऊन त्याला दुप्पट वेळ सोसावें लागतें. विजेता दुपारीं सांवलींत बसून थंड पाणी पीत असतो तेव्हां हा अजून सायकलीवर असतो, आणि सूर्य मावळल्यावर अंधाऱ्या रस्त्यानें धांवत असतो. १९८१ पासून ही शर्यत ज्या कोना गांवच्या बाजूस गेली तेथें मध्यरात्रीं शेकडों लोक शेवटच्या स्पर्धकांना टाळ्यांच्या गजरांत घेण्यासाठीं परत जमतात, आणि त्या दिवशींचे विजेतेही त्यांत येऊन उभे राहतात. विजेत्यांना जें कळतें तें दिवाणखान्यांत कळूं नये, याचें नवल वाटतें.

याच शर्यतींत फेब्रुवारी १९८२ मध्यें ज्युली मॉस नांवाची विद्यार्थिनी आपल्या शारीरशास्त्रविषयक प्रबंधासाठीं म्हणून उतरली होती. स्त्रियांत ती सर्वांच्या पुढें होती. परंतु शेवट कांहीं यार्डांवर आला असतां तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हां पडली, आणि शेवटचें अंतर हातापायांवर रांगत गेली. तेवढ्यांत कॅथलीन मॅककार्टनी पुढें निघून गेली व २९ सेकंदांनीं जिंकली. दूरचित्रवाणीवर हें दृश्य पाहून कित्येकांनीं हा खेळ पत्करला. आणि त्यांनीं जो आदर्श पत्करला तो जिंकलेल्या स्त्रीचा नव्हे, रांगत पोहोंचलेल्या स्त्रीचा होता. मॅडोना ब्यूडर या अमेरिकन जोगिणीनें २०१२ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, कॅनडांतील शर्यत सतरा तासांच्या आंत पुरी केली. ती स्पर्धक नव्हती असें म्हणण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं असेल त्यानें निदान तिच्या मागोमाग १८० किलोमीटर सायकल चालवून मग तें म्हणावें.

आतां पहिलें कलम, उपयोगाचें. साहित्यविषयक मासिकाच्या वाचकांनीं हा प्रश्न विचारावा, ही गोष्ट मला नेहमींच गमतीची वाटत आली आहे. ज्यांच्या कपाटांत कवितासंग्रह आहेत, ज्यांच्या घरीं दर गुरुवारीं गाण्याची शिकवणी चालते, ज्यांनीं तरुणपणीं कचेरी सुटल्यावर तालमी करून हौशी रंगभूमीवर ‘दुसरा शिपाई’ म्हणून प्रवेश केला आहे, त्यांनीं कोणत्या उपयोगाची पावती दाखविली होती? आपल्या नाट्यकलेचा अर्धा अधिक जिव्हाळा हौशांनीं राखिला, हें आपण अभिमानानें सांगतों. त्या हौशी नटाला बालगंधर्वांशीं तोलून ‘तूं नट कसला?’ असें कोणी म्हटलें तर आपण त्यास अरसिक ठरवूं. रंगमंचावरील हौस ती संस्कृति, आणि रस्त्यावरील हौस तें वेड, हा न्याय कोठला?

लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील आपलें पहिलें वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यांत घालविलें, ही कथा आपल्याकडील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. यावर आक्षेपक म्हणतील कीं, टिळकांचें शरीर पुढें राष्ट्राच्या कामीं आलें. आलें खरें, परंतु तें वर्ष चालू असतां त्यांच्यापाशीं त्याचा दाखला नव्हता, आणि त्या वर्षीं दिवाणखान्यांत बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यानें ‘मुलगा वाया गेला’ असें म्हटलें असेल तर तेंही त्या वेळच्या हिशेबानें चूक नव्हतें. शक्ति आधीं मिळवावी लागते. तिचें काम मागाहून सांपडतें, व कधीं कधीं सांपडतही नाहीं. म्हणून ती मिळवूंच नये काय?

अर्धा तास फिरणें प्रकृतीस पुरेसें आहे, हें मला मान्य आहे. हा खेळ प्रकृतीसाठीं नाहींच. तो शरीराच्या ज्ञानासाठीं आहे, आणि हें ज्ञान पुस्तकांत वाचून येत नाहीं. यकृत व स्नायू यांत मिळून साखरेचा जो सांठा असतो त्याची शक्ति सुमारें दोन हजार कॅलरींची असते. सायकलीवर दर तासाला पांचशें ते सातशें कॅलरी खर्च होतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासाला घरांतलें धान्य संपतें. चरबीचें कोठार भरलेलें असतें, पण त्याचें दार अरुंद असतें; तेथून माल हळूहळूच बाहेर येतो. म्हणून चालत्या सायकलीवर खावें लागतें. आणि आंतडीं तासाला साठ ते नव्वद ग्रॅमांहून अधिक पिष्टमय अन्न रक्तांत घेऊं शकत नाहींत, तीं देखील सरावानें. तहान लागली म्हणून नुसतें पाणीच पाणी प्यावें तर रक्तांतील मीठ विरळ होऊन माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगीं दगावतो. चाळीस वर्षें ज्या देहांत आपण भाडेकरूसारखे राहिलों त्याचीं हीं दारें-खिडक्या प्रथमच उघडून पाहण्याचें सुख ज्यास निरुपयोगी वाटेल त्यास आत्मज्ञानाची गोष्ट सांगण्यांत अर्थ नाहीं.

धोक्याची गोष्ट मात्र लपवितां कामा नये. अमेरिकेंतील ट्रायथ्लॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळांत घडलेल्या मृत्यूंची व हृदयक्रिया अकस्मात् बंद पडल्याच्या प्रसंगांची जी पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली तींत एकंदर १३५ प्रकरणें होतीं. त्यांपैकीं ९० पोहण्याच्या टप्प्यांत घडलीं. बळी पडलेल्यांत शेंकडा ८५ पुरुष होते, आणि त्यांचें सरासरी वय ४७ च्या आसपास होतें. म्हणजे लोक ज्याला भितात ती मॅरेथॉन नव्हे, तर पहिला, सर्वांत लहान वाटणारा पाण्याचा टप्पाच घातक आहे. आणि ज्याला आपण तरुण आहों असें पुन्हां सिद्ध करावयाचें असतें तो मध्यमवयीन पुरुष त्यास बळी पडतो. यावरून निघणारा निष्कर्ष खेळ बंद करावा असा नाहीं. हृदयाची तपासणी करून घ्यावी, तलावाच्या कांठाचा आधार सोडून खुल्या पाण्याची संवय करावी, आणि छातींत कळ येतांच पदकाचा मोह टाकून हात वर करावा, असा आहे. हात वर करणें ही देखील एक कसरत आहे, आणि पुरुषांना तीच सर्वांत जड जाते.

दुसऱ्या कलमापाशीं येतांना माझा आवाज थोडा खालीं येतो. बढाईचा आरोप खोटा नाहीं. १९७८ सालच्या त्या पहिल्या नियमपत्रिकेवरच कॉलिन्सनें तिन्ही अंतरें लिहून पुढें, मग आयुष्यभर बढाया मारा, अशा आशयाचा शेरा मारला होता. निदान त्या बढाईंत एक सचोटी होती: अंतर विकत मिळत नाहीं. सायकल लाखांची घ्या वा हजारांची, १८० किलोमीटर पाय आपलेच फिरवावे लागतात. परंतु तो विनोद आतां उद्योग झाला आहे. ‘आयर्नमॅन’ हें नांव एका कंपनीची नोंदलेली मालमत्ता आहे. ती कंपनी २०१५ सालीं वांडा या चिनी उद्योगसमूहानें ६५ कोटी डॉलर्सना विकत घेतली, आणि २०२० सालीं तिचा व्यवसाय अ‍ॅडव्हान्स या अमेरिकन कंपनीकडे गेला. ज्या नांवावर हौशी माणूस प्राण ओंवाळतो, जें तो पोटरीवर गोंदवून घेतो, तें असें हातोहात विकलें जातें. आपल्याकडे लोहपुरुष ही पदवी एकाच माणसाला शोभली, आणि त्यानें ती नोंदणीशुल्क भरून मिळविली नव्हती. नांव कंपनीचें असेल. समुद्र, रस्ता आणि पाय हे कंपनीचे नव्हत. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकांत हा खेळ शिरला तो १.५, ४० व १० किलोमीटरांच्या पल्ल्यानें आणि साध्या ‘ट्रायथ्लॉन’ या नांवानें. ज्याला हौस आहे त्यानें नांव सोडून द्यावें व खेळ धरावा.

तरीही चोचल्यांचा आरोप उरतोच, आणि तो नीट समजून घेण्यासाठीं ‘हौशी’ या शब्दाच्या पूर्वचरित्राकडे पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत हेन्ली येथील नौकास्पर्धांच्या चालकांनीं १८७९ सालीं हौशी कोण याची व्याख्या ठरविली, तींत जो यांत्रिक, कारागीर वा मजूर म्हणून पोटासाठीं राबतो किंवा पूर्वीं राबला असेल त्यास हौशी म्हणतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें होतें. अंगमेहनत करणाऱ्याच्या अंगीं आधींच बळ असतें, म्हणून तो सज्जनांच्या बरोबरीचा नव्हे, असा तो तर्क! तो नियम कधींच गेला. आज गवंडी वा सुतार मिरामारला आला तर त्यास कोणी अडविणार नाहीं. पण तो येत नाहीं. त्याला अडविणारा नियम कागदावर नाहीं, तो घड्याळांत आहे. निम्म्या पल्ल्यासाठीं देखील आठवड्याचे दहा-बारा तास मोकळे लागतात. आणि ज्याच्या श्रमाचे तास दुसऱ्यानें विकत घेतलेले आहेत त्याच्यापाशीं ते कोठून येणार? खेळाची खरी किंमत सायकलीच्या दुकानांत भरावयाची नसते. ती तासांत भरावयाची असते.

आणि येथेंच आपण त्या चौथ्या कलमापाशीं येऊन पोहोंचतों, जें दिवाणखान्यांत कधींच उच्चारलें जात नाहीं. हे तास आले कोठून?

माझ्या पुरता हिशेब मांडतों. मिरामारच्या आधीं नऊ महिने मी आठवड्याला सरासरी अकरा तास पोहत, सायकल चालवीत किंवा धांवत होतों. एकंदर सव्वाचारशें तासांच्या वर हा आंकडा जातो. त्यांतील एकही तास कचेरीनें दिला नाहीं. कांहीं झोपेनें दिले, पण फार थोडे. कारण पहांटे चारला उठणारा मनुष्य रात्रीं नऊला आडवा होतो, व नऊनंतरचें घर मग दुसऱ्या कोणास तरी संभाळावें लागतें. उरलेले सर्व तास एकाच माणसाकडून आले. मुलीचा अभ्यास, माझ्या आईचीं औषधें, दुधाचा व गॅसचा हिशेब, सकाळचे तीन डबे, रविवारची भाजी, हीं कामें मीं सोडलीं तशीं तीं हवेंत विरलीं नाहींत. तीं माझ्या पत्नीकडे गेलीं. ती स्वतः महाविद्यालयांत शिकविते. तिलाही सकाळीं आठाची बस गांठावयाची असते. मीं तिची परवानगी विचारली होती, आणि तिनें ती दिली होती. परंतु ज्या घरांत नकार देणें वाईट दिसतें त्या घरांतील होकाराला कितीसें मोल असतें?

शर्यतीच्या संध्याकाळीं पणजींत स्नेही मंडळी जमलीं. ‘जिद्द’, ‘स्वतःच्या बळावर’, ‘एकट्यानें’ असे शब्द हवेंत फिरत होते, आणि मी ते गळ्यांतील पदकाइतक्याच आनंदानें मिरवीत होतों. मंडळी गेल्यावर पत्नी शांतपणें म्हणाली, “तुमचे आठ तास बारा मिनिटें घड्याळानें मोजलीं. माझे तास कोणीं मोजले?” तिच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलें असतें.

आक्षेपकांना हें कलम कां सुचूं नये? कारण तें त्यांनाही लागू आहे. ट्रायथ्लॉनवाल्याला हंसणारा गृहस्थ स्वतः सभांना जातो, ग्रंथालयाच्या समितीवर असतो, रविवारची सकाळ बुद्धिबळांत घालवितो, आणि त्याच्याही पाठीमागें कोणी तरी डबे भरीत असतें. पुरुषाची हौस, मग ती पाण्यांतली असो वा पुस्तकांतली, आपल्या मध्यमवर्गीय घरांत बहुधा उधारीवर चालते. आणि ज्याच्या वहींत ती उधारी मांडलेली नाहीं तो तिला स्वतःची कमाई समजतो. दीर्घ पल्ल्याची शर्यत एवढेंच करते कीं, ही उधारी चारशें तासांपर्यंत फुगवून ती डोळ्यांना दिसेल अशी करते.

या शर्यतींत उतरणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे पुरुषांच्या मानानें अल्प आहे. याचें कारण शरीरांत शोधूं नये. हवाईच्या दुसऱ्याच वर्षीं, १९७९ सालीं, लिन लेमेअर ही एकटी स्त्री उतरली आणि १२ तास ५५ मिनिटांत सर्व स्त्रीपुरुषांत पांचवी आली. कारण पहांटेच्या चारांत आहे. त्या वेळीं अंधाऱ्या रस्त्यावर एकटीनें धांवण्याची निर्धास्तता तिला नाहीं. जेथें तलावावर स्त्रियांसाठीं राखीव वेळ ठेवली आहे तेथें ती पुष्कळदां अशी असते कीं, नोकरी करणारीला ती गांठतां येऊं नये. आणि घरीं तिच्या जागीं चहाचें आधण ठेवणारा कोणी नाहीं. हेन्लीच्या नियमानें मजुराला वगळलें. आपल्या घरांतील न लिहिलेल्या नियमानें गृहिणीला वगळलें. फरक एवढाच कीं, हेन्लीवाल्यांनीं तो नियम छापला होता.

मग हौस सोडावी काय? मुळींच नाहीं. हौस ही माणसाच्या माणूसपणाची खूण आहे. पोटासाठीं जें करावें लागतें त्याच्या पलीकडे कांहीं करावेंसें वाटणें, आणि तें नीट, शेवटपर्यंत, कोणी पैसे देत नसतां करणें, यांतच मनुष्य आपल्या दिवसाचा धनी होतो. परंतु जें एवढें मोलाचें आहे तें घरांत एकाच्याच वाट्याला यावें, हें तें मोलाचें असल्यामुळेंच अन्यायाचें आहे. माझी मागणी साधी आहे. जो नऊ महिन्यांत चारशें तास घेईल त्यानें पुढील नऊ महिन्यांत ते परत करावे. उपकार म्हणून नव्हे, देणें म्हणून. आणि परत केलेल्या तासांचें काय करावयाचें हें घेणाऱ्यानें विचारूं नये. नगरपालिकांनीं तलावाच्या वेळा नोकरी करणाऱ्या स्त्रियांना विचारून ठरवाव्या आणि पहांटेचे रस्ते उजळावे. हें झालें तर चोचल्यांचा आरोप आपोआपच फिका पडेल. कारण चोचला तोच, जो दुसऱ्याच्या खर्चानें चालतो.

गेल्या जूनपासून आमच्या घरीं मंगळवार, गुरुवार व शनिवार या दिवशींची पहांट माझ्या पत्नीची आहे. पहिल्यांदां मला वाटलें होतें कीं, ती पोहावयास शिकेल, व एके दिवशीं आम्ही दोघें मिरामारला जाऊं. हें चित्र मला फार आवडलें होतें, आणि तें अर्थातच माझेंच होतें. तिला पाण्याची हौस नाहीं. दोन दिवस ती लग्नापूर्वीं सुटलेली सतार घेऊन बसते, आणि शनिवारीं सात वाजेपर्यंत झोंपते. त्या दिवशींचे डबे मी भरतों. भाजी अजून खारट होते, आणि मुलगी तसें स्पष्ट सांगते. माझ्या सायकलीचे किलोमीटर निम्म्यानें कमी झाले आहेत. पुढल्या शर्यतींत साडेआठ तासांची मुदत मला पाळतां येईल असें दिसत नाहीं. आलों नाहीं वेळेवर तर नाहीं.

असो. आक्षेपकांना शेवटची विनंति एवढीच कीं, यापुढें एखादा हौशी लोहपुरुष आपलें पदक दाखवूं लागला, तर त्यास हंसूं नये, आणि त्याचा उगाच गौरवही करूं नये. त्यास किती वेळ लागला असें विचारावें. आणि त्यानें उत्तर दिल्यावर, घरांत दुसऱ्या कोणाला किती वेळ लागला, हेंही विचारावें.